अ.पा.क. पुसल्यानंतर

सातबाऱ्यावर लहान मुलाचे नाव चढते तेव्हा त्याला जोडून ‘अ.पा.क.’ ही अक्षरे येतात. अज्ञान पालनकर्ता, आणि पुढे आईचे किंवा वडिलांचे नाव. मूल १८ वर्षांचे झाले की वयाचा पुरावा जोडून अर्ज करायचा, फेरफार होतो, शेरा निघून जातो. जमिनीच्या बाबतीत हे कोणालाही खटकत नाही. १८ वर्षांची झालेली मुलगी ‘मला वेगळे राहायचे आहे’ म्हणाली, की मात्र घराच्या मनातला हा शेरा किती खोल कोरलेला आहे ते कळते.

१८७५ च्या कायद्याने सज्ञानतेचे वय १८ ठरवले. त्या दिवशी आईवडिलांचे पालकत्व संपते, नाते संपत नाही. देशात कुठेही राहण्याचे स्वातंत्र्य राज्यघटनेच्या १९ व्या कलमात आहे. नोकरी लागली, कॉलेज लांब आहे, लग्न ठरले ही कारणे घराला लागतात. कायदा कारण विचारत नाही. माझ्या मते या हक्काचा गाभा इथेच आहे. आपल्याकडे मुलीने घर सोडले की त्यामागे कोणीतरी मुलगा असणार, असे गृहीत धरले जाते. एखादीला फक्त स्वतःची खोली हवी असेल, हे आपल्याला सुचतच नाही.

हादियाच्या प्रकरणात हे फार स्पष्ट दिसले. केरळच्या या तरुणीचे लग्न उच्च न्यायालयाने मे २०१७ मध्ये रद्दबातल ठरवले आणि तिला वडिलांकडे सोपवले. तेव्हा ती अज्ञान नव्हती, विशी ओलांडून पुढे गेलेली होमिओपॅथीची विद्यार्थिनी होती. पुढचे सहा महिने ती वडिलांच्या घरात, पोलिसांच्या पहाऱ्यात राहिली. नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला समोर बोलावून विचारले, तेव्हा तिने स्वातंत्र्य मागितले. मार्च २०१८ मध्ये तिचे लग्न वैध ठरले. देशभर चर्चा झाली ती लग्नाची आणि धर्मांतराची. एका सज्ञान बाईचे सहा महिने कोणत्या अधिकाराने गेले, हा प्रश्न मागेच राहिला.

आपली भाषाही यात सामील आहे. ‘मुलीला पालकांच्या ताब्यात दिले’ असे बातम्यांत सर्रास छापले जाते. ताबा जमिनीचा असतो, गाडीचा असतो, कोवळ्या मुलाचा असतो. मिसिंग दाखल झालेली सज्ञान मुलगी सापडली आणि तिने ‘मी माझ्या मर्जीने गेले, मला परत जायचे नाही’ असा जबाब दिला, तर पोलिसांचे काम तिथे संपायला हवे. प्रत्यक्षात ठाण्यात मामा, काका जमतात, रडारड होते, ‘एकदा घरी चल, मग बोलू’ म्हणतात. घरी गेल्यावर मोबाइल काढून घेतला जातो. सज्ञान माणसाला कोंडून ठेवणे हा गुन्हा आहे, कोंडणारे आईवडील असले तरीही.

आईवडिलांची भीती खोटी नाही. शहरात एकट्या मुलीला खोली मिळवताना काय सोसावे लागते, हे त्यांना ठाऊक असते. म्हातारपणी आपल्याला कोण पाहणार, ही चिंताही खरी असते. पण २००७ च्या कायद्याने आईवडिलांना सांभाळण्याची जबाबदारी मुलांवर टाकली आहे आणि वेगळे राहिल्याने ती टळत नाही. भीती खरी असली तरी तिच्यातून अधिकार जन्माला येत नाही.

हक्काची एक बाजू मात्र लंगडी आहे. अनामत रकमेला पैसे नाहीत, गुणपत्रिका आणि आधार कार्ड वडिलांच्या कपाटात, हॉस्टेलच्या अर्जावर पालकांची सही सक्तीची. अशा वेळी १८ व्या वर्षी मिळालेले स्वातंत्र्य उंबऱ्यापाशीच अडते. सज्ञान विद्यार्थिनीकडून पालकांची सही मागणे वसतिगृहांनी थांबवायला हवे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.

मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयांना बजावले की न्यायालयात हजर केलेल्या व्यक्तीची इच्छा खासगीत जाणून घ्या आणि समुपदेशनाच्या नावाखाली तिचे मन वळवू नका. न्यायमूर्तींना जे लागू आहे, ते ठाण्यातही पाळले जायला हवे. मिसिंगच्या तक्रारीत जबाब घेणाऱ्या प्रत्येक अंमलदाराला माझी विनंती आहे: नातेवाइकांना बाहेर बसवा, तिला कुठे जायचे आहे ते विचारा, आणि ती सांगेल तेच लिहा.