इतर अधिकारांचा रकाना

सातबारा हातात आला की माणूस आधी नाव पाहतो. नाव विकणाऱ्याचंच आहे, आराजी जुळते आहे, बँकेचा बोजा नाही, एवढं दिसलं की तो इसार द्यायला मोकळा. त्याच कागदावर ‘कुळ, खंड व इतर अधिकार’ असाही एक रकाना असतो. पटवाऱ्याने तिथे काही लिहिलेलं असलं तरी ‘असतं सरकारी काहीतरी’ म्हणून नजर पुढे सरकते. चंद्रपूर-गडचिरोलीत मात्र जमिनीची खरी हकीकत बहुतेक वेळा याच रकान्यात असते.

आपण परवानगीकडे अडथळा म्हणून बघतो. माझं मत वेगळं आहे. सातबाऱ्यावरची प्रत्येक अट ही कधीतरी झालेल्या लुबाडणुकीची किंवा विसरलेल्या हक्काची नोंद असते. अट कोणती हे दलालही सांगेल. ती कोणामुळे आली आणि कोणासाठी आली, हे ज्याला समजलं त्यालाच कागद वाचता आला.

महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम ‘36-अ’ घ्या. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला विकायची, बक्षीस द्यायची किंवा अदलाबदलीत द्यायची तर जिल्हाधिकाऱ्याची मंजुरी लागते, आणि ती मंजुरी देण्याआधी जिल्हाधिकाऱ्याला राज्य सरकारची मान्यता घ्यावी लागते. पाच वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा किंवा गहाण असेल तर जिल्हाधिकाऱ्यापर्यंत काम भागतं. हे कलम 1974 साली आलं ते सावकाराच्या वहीत अंगठा उमटवून गेलेल्या शेतांमुळे. त्याच सुमारास जमिनी परत देण्याचाही कायदा झाला आणि 1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 या काळातले व्यवहार पुन्हा तपासायला निघाले. सतरा वर्षांचे व्यवहार मागे जाऊन उघडायचे, एवढं सरकारला करावंसं वाटलं, यावरून काय घडून गेलं असेल त्याचा अंदाज यावा.

मंजुरीचा रस्ता मुंबईपर्यंत जातो म्हटल्यावर बाजाराने आपल्या पायवाटा पाडल्या. मुखत्यारपत्र, ताबापत्र, नोटरीकडचा करारनामा, नाहीतर सरळ आपल्याच आदिवासी ड्रायव्हरच्या नावावर खरेदी. मुखत्यारपत्र आणि करारनाम्याच्या जोरावर मालकी मिळत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये स्वच्छ सांगितलं आहे. फेरफाराचंही तसंच. ती महसूल कोणाकडून घ्यायचा याची नोंद आहे आणि उलट सिद्ध होईपर्यंतच ती खरी धरली जाते. तरी ‘रजिस्ट्री झाली, फेरफार झाला, आता काय बाकी राहिलं?’ हे वाक्य चहाच्या टपरीवर आजही ऐकू येतं. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो. विकणाऱ्याकडे विकण्याजोगं काही आहे की नाही, याची हमी तो देत नाही.

या संरक्षणाची किंमत आदिवासी शेतकरीही मोजतो, हे मान्य केलं पाहिजे. मुलीच्या आजारपणात दोन एकर विकायची वेळ आली तर राजमार्गाने गिऱ्हाईक मिळत नाही आणि आडमार्गाने मिळतं ते पडत्या भावात. सुरजागडचं लोहखनिज आणि कोनसरीचा कारखाना आल्यावर गडचिरोलीत जमिनीला भाव आला. 2025 मध्ये आदिवासींच्या जमिनी खासगी उद्योगांना भाड्याने देण्याची मुभा हवी, अशी भाषाही सरकारकडून झाली. परवानगीची वाट लांब असेल तर ती जवळ आणावी, वेळेत निकाल लागेल अशी करावी. पण तेवढ्यासाठी दारच काढून टाकायचं, हे मला पटत नाही. पेसा कायद्याने 1996 साली अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला जमीन हातची जाऊ नये म्हणून अधिकार दिले. ते अधिकार नीट वापरून पाहण्याआधीच आपण सूट कुठे देता येईल ते शोधू लागलो.

झुडपी जंगलाची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. मालगुजारीच्या काळात गावाभोवती झुडपांची पडीक जमीन असे. ढोरं चरायला, सरपण आणायला, गावाच्या निस्तारासाठी. 1951 साली मालगुजारी गेली, या जमिनी सरकारजमा झाल्या आणि महसुली दप्तरात ‘झुडपी जंगल’ अशी नोंद पडून राहिली. पुढे त्यांवर शाळा झाल्या, कचेऱ्या झाल्या, घरं उठली, काही ठिकाणी पट्टेही वाटले गेले. 22 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांतल्या या जमिनी वनच आहेत असा निर्णय दिला. आकडा 86,409 हेक्टरांचा होता. 12 डिसेंबर 1996 पूर्वी ज्यांना जमीन मिळाली त्यांच्यासाठी न्यायालयाने वाट ठेवली: राज्याने वन संवर्धन कायद्याखाली केंद्राची मंजुरी घ्यावी. त्या तारखेनंतर ज्यांनी वाटप केलं, त्या अधिकाऱ्यांकडून जाब घ्यायला सांगितलं. म्हणजे अशा जमिनीवर घर घेणाऱ्याने मालकाचं नाव कितीही निरखलं तरी उपयोग नाही. जमीन कोणत्या तारखेला, कोणाच्या सहीने, कशासाठी दिली, यावर सगळं ठरतं.

आता वनहक्काचा पट्टा. 2006 च्या कायद्याने मिळालेली ही जमीन वारसाने पुढे जाते, पण विकता येत नाही. लग्न झालेल्या माणसाचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने असतो. ‘पट्टा आहे, घेऊन टाका’ असं कोणी सांगत असेल तर तो फसवतो आहे किंवा स्वतःच फसलेला आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. 2013 मध्ये तिथल्या लोकांनी आपली खासगी शेतंही ग्रामदान कायद्याखाली ग्रामसभेच्या हवाली करण्याचा निर्णय घेतला. खरेदी-विक्रीच्या बाजारात ज्याला कमीपणा समजतात, तो विकता न येण्याचा गुण या गावाने आपणहून मागून घेतला. जमीन म्हणजे निव्वळ मालमत्ता असं धरून चालणाऱ्या आपल्यासारख्यांनी यावर थोडं थांबावं.

बाकीचे कागद ओघात आलेच. ताडोबाच्या आसपास रिसॉर्टसाठी जागा घेणाऱ्याने अकृषक परवानगीबरोबर 2019 च्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राची हद्द पाहावी. विदर्भाचा कुळकायदा 1958 चा, पश्चिम महाराष्ट्राहून वेगळा, त्यामुळे पुण्याच्या वकिलाचा नमुना इथे जसाच्या तसा चालत नाही. राजुरा भाग 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होता. तिथे जुनं दप्तर काढलं तर उर्दू वाचणारा माणूस शोधायची तयारी ठेवावी.

खरेदीदाराने पन्नासच्या दशकापासूनचे फेरफार काढावेत, ग्रामसभेत जाऊन विचारावं, हे सगळं खरं. पण हा भार एकट्या खरेदीदारावर आणि अर्ज लिहिता न येणाऱ्या विक्रेत्यावर का? झुडपी, वनहक्क आणि ‘36-अ’ या तिन्ही नोंदींखाली येणाऱ्या जमिनींच्या याद्या सरकारने गावनिहाय तयार करून प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत आणि गोंडीत लावाव्यात. माहिती महसूल आणि वन खात्यांच्या दप्तरात आहेच, ती भिंतीवर आणायची आहे. तहसीलदारांनी ठरवलं तर येत्या हंगामाच्या आत हे काम होऊ शकतं.