गाडी नसलेला रस्ता कोणाचा?

सायकलवाल्यांसाठी गाड्यांपासून वेगळा मार्ग असावा. हे वाक्य इतकं सरळ आहे की त्यात काही नैतिक पेच असेल असं वाटतही नाही. पण आहे, आणि तो नव्वद वर्षांपेक्षा जुना आहे.

मी केंब्रिजमध्ये नोकरी करतो. आठवडाभर कोड, शनिवारी सायकल. शहराच्या उत्तरेला फेन्स नावाचा प्रदेश सुरू होतो. सपाट म्हणजे किती सपाट, तर गिअर बदलायला कारणच मिळत नाही. इथे चढाची जागा वाऱ्याने घेतली आहे. जाताना पाठीवर घेतलेला वारा येताना छातीवर झेलावा लागतो.

या भागात गाड्या नसलेले काही सुरेख मार्ग आहेत. केंब्रिज ते सेंट आइव्ह्ज हा सुमारे २० किलोमीटरचा मार्ग त्यातला एक. इथली प्रवासी रेल्वे १९७० मध्ये बंद झाली. २०११ मध्ये त्याच जागी फक्त बससाठी काँक्रीटचा मार्ग आला आणि त्याला लागून देखभालीसाठी डांबरी पट्टी झाली. तीवरून आता सायकलवाले, चालणारे आणि घोडेस्वार जातात. हिवाळ्यात नदी फुगली की तिचा काही भाग चक्क पाण्याखाली जातो. पूर्वेला जुन्या कालव्यांच्या मधून जाणारा लोड्स वे आहे. वर लिंकनशायरमध्ये लिंकन ते बॉस्टन असा पन्नास किलोमीटरहून लांब वॉटर रेल वे आहे, विदम नदीच्या काठाने. तोही जुन्या रेल्वेमार्गावरच.

म्हणजे माझी शांतता बऱ्याच अंशी कुणाच्या तरी बंद पडलेल्या गाडीवर उभी आहे. या प्रदेशाला त्याची सवय असावी. सतराव्या शतकात कॉर्नेलियस व्हर्मायडन या डच अभियंत्याच्या देखरेखीखाली इथल्या दलदलीतलं पाणी काढलं गेलं. ज्यांनी पैसा घातला त्यांना मोबदल्यात जमीन मिळाली. त्यांना ॲडव्हेंचरर म्हणत, आणि विकन फेनच्या एका भागाला आजही ॲडव्हेंचरर्स फेन हेच नाव आहे. त्या दलदलीत मासे, पाखरं आणि लव्हाळ्यावर जगणाऱ्यांनी जोरदार विरोध केला होता. सगळ्यांची जागा शेवटी कोणाची होते, हा प्रश्न इथल्या मातीला नवा नाही.

आता तो जुना पेच. १९३४ च्या डिसेंबरमध्ये लंडनच्या पश्चिमेला वेस्टर्न ॲव्हेन्यूलगत एक खास सायकलमार्ग सुरू झाला. देशातला हा अशा प्रकारचा पहिला मार्ग मानतात. वाहतूकमंत्री लेस्ली होर-बेलिशा यांनी त्याचं उद्घाटन केलं. सायकलवाल्यांनी पेढे वाटायला हवे होते. पण त्यांची मोठी संघटना, सायकलिस्ट्स टुरिंग क्लब, विरोधात उभी राहिली. तिचं म्हणणं साधं होतं : आज तुम्ही आम्हाला कडेची पट्टी देताय, उद्या सांगाल की रस्ता तुमचा नाहीच. सायकल हे कायद्याने वाहन आहे, हे १८८८ मध्येच ठरलं होतं. मग बाजूला आम्हीच का व्हायचं? धोका तर मोटारी निर्माण करतात.

मला हा युक्तिवाद लगेच पटतो, कारण माझ्या धंद्यात त्याला वर्कअराउंड म्हणतात. मूळ बग तसाच ठेवायचा आणि त्याला वळसा घालणारा कोड लिहायचा. युजर खूश, मॅनेजर खूश. मग मूळ बग दुरुस्त करायची घाई कोणालाच नसते.

पण याच्या अगदी उलट बाजूला माझी आई उभी आहे.

गेल्या उन्हाळ्यात ती इथे आली होती. सांगलीत शाळेत असताना ती रोज सायकलवर जायची. लग्नानंतर सायकल सुटली ती सुटलीच. ओकिंग्टनपाशी मी तिला विचारलं, "चालवतेस का?" ती म्हणाली, "अरे, पडले-बिडले तर लोक हसतील." म्हटलं, "लोक आहेत कुठे?" पहिली पाच मिनिटं ती हँडल घट्ट धरून होती. मग सरळ स्वेव्हसीपर्यंत गेली, थेट पुढे, माझ्यासाठी न थांबता. तिथून गावात जायला गाड्यांचा रस्ता लागला तशी ती उतरली आणि सायकल हातात धरून कडेकडेने चालू लागली.

कागदावर त्या रस्त्यावर तिचा माझ्याइतकाच हक्क होता. पण जो हक्क बजावायला आधी निडर असावं लागतं, तो सगळ्यांचा हक्क म्हणायचा का? १९३४ च्या त्या तत्त्वनिष्ठ सायकलपटूंचा मी आदर करतो. तरी त्यांच्या युक्तिवादात एक माणूस गृहीत धरलेला आहे : धडधाकट, सरावलेला, बहुधा पुरुष. त्याने रस्ता सोडला नाही हे खरं. पण जे त्या रस्त्यावर कधी आलेच नाहीत, त्यांची मोजदाद कोण करणार?

सस्ट्रान्स या संस्थेने हा प्रश्न दुसऱ्या टोकाने सोडवायचा प्रयत्न केला. १९९५ मध्ये लॉटरीच्या निधीतून सुरू झालेलं राष्ट्रीय सायकल जाळं ती सांभाळत होती. २०२० मध्ये तिने त्यातल्या सुमारे पाव भागाचा दर्जा काढला किंवा बदलला, कारण ते मार्ग गजबजलेल्या रस्त्यांवरून जात होते. कसोटी अशी, की बारा वर्षांच्या समंजस मुलाला तिथून एकट्याने जाता आलं पाहिजे. नकाशा लहान झाला, पण खरा झाला. मला ही कसोटी आवडते. सगळ्यात बलवान माणूस जाऊ शकतो का, हे ती विचारत नाही.

तरी वर्कअराउंडचा प्रश्न उरतोच. स्वेव्हसीला जिथे पट्टी संपते, तिथे आईचं जग संपतं. डॉक्टर, दुकान, शाळा ही काही जुन्या रेल्वेमार्गावर नसतात. वेगळा मार्ग देऊन आपण मोकळे झालो असं समाजाने मानलं, तर ती पट्टी फक्त शनिवारची करमणूक ठरते. म्हणून मला वाटतं, असा मार्ग हा रस्त्याला पर्याय नसून त्याच्यावरची तक्रार आहे. साठीची बाई इथे हसत सायकल चालवते, मग शंभर मीटरवर का नाही, हे तो रोज विचारत असतो. रस्त्यावरचा हक्क सोडायचा नाही. पण तो मिळेपर्यंत तिने घरी बसावं, असंही म्हणायचं नाही.

आणि एक गोष्ट उरते, जरा अडचणीची. त्या पट्टीवर गाड्या नसतात, पण मी असतो. वारा पाठीशी असला की माझा वेग तीस-पस्तीस. समोर काठी घेतलेले आजोबा, कुत्रा, बाबागाडी. त्यांच्यासाठी मीच मोटार. ब्रिटनच्या वाहतूक नियमावलीत २०२२ मध्ये एक तत्त्व स्पष्ट लिहिलं गेलं : जो जास्त इजा करू शकतो, त्याच्यावर जास्त जबाबदारी. गाडीवाल्यांना ते ऐकवायला मला फार आवडतं. पण तेच तत्त्व मलाही लागू आहे, आणि पट्टीवर मला ते पाळायला लावणारा कोणी नसतो. ना कॅमेरा, ना पोलीस.

म्हणून मी लांबूनच घंटी वाजवतो, वेग चालण्याइतका आणतो, आजोबांच्या शेजारून जाताना "मॉर्निंग" म्हणतो. यात चार मिनिटं जातात आणि ॲपवरची माझी सरासरी पार बिघडते. मोटारवाल्याकडून मी नेमकी हीच चार मिनिटं मागत असतो.