चित्रातला वाटा

छायाचित्राला नवेपण जागेमुळे येत असतं, तर लोणावळ्यात आता काढण्यासारखं काही उरलं नसतं.

पावसाळ्यातल्या रविवारी भुशी धरणाच्या पायऱ्यांवर आणि लायन्स पॉइंटच्या कठड्याशी हात वर झालेले दिसतात, प्रत्येक हातात कॅमेरा. धुकं तेच, दरी तीच, दरीकडे तोंड करून पाठमोरं उभं राहायची तऱ्हाही तीच. ही चित्रं खोटी नाहीत. आम्ही इथे आलो होतो, एवढंच त्यांना सांगायचं असतं. कलेचा प्रश्न त्यापुढचा आहे: आम्ही येण्याआधी इथे कोण होतं?

✻

कार्ल्याच्या लेण्यातल्या चैत्यगृहाच्या दाराशी एका सुताराचं नाव कोरलेलं आहे. धेनुकाकटचा सामी, वेणुवासाचा मुलगा; दार त्यानं घडवलं. तिथेच सिंहदत्त नावाच्या गंधविक्याचंही नाव आहे, त्याचं दान. आत खांबांवर दात्यांची नावं आहेत, त्यांत यवनही आहेत.

ज्यानं पैसा दिला आणि ज्यानं हात राबवले, दोघेही एकाच दगडात टिकले. काम कोणाचं, याचं उत्तर मावळात दोन हजार वर्षांपूर्वी लिहून झालं आहे.

✻

खंडाळ्याच्या घाटातल्या रेल्वेचं कंत्राट घेऊन सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली इथे आले आणि काही आठवड्यांतच वारले. कंत्राट त्यांच्या पत्नीनं, ॲलिस ट्रेडवेल यांनी, पुढे चालवलं. बांधकाम अनुभवी अभियंत्यांवर सोपवलं आणि स्वतः घाटाची छायाचित्रं काढली. १८६१ मध्ये या घाटात ४२ हजार मजूर राबत होते. २१ एप्रिल १८६३ रोजी मार्ग खुला झाला.

कॅमेऱ्यामागे बाई क्वचितच उभी राहायची, त्या काळात ॲलिसबाईंनी बोगदे, कमानी आणि फोडलेला डोंगर पाहिला. त्या दिवसांत याहून नवं काम कोणतं असणार? तरी डोंगर फोडणाऱ्यांची नावं त्या चित्रांतून आपल्यापर्यंत आली नाहीत.

कॅमेरा माणूस टिपतो. नाव विचारावं लागतं.

✻

डहाणू तालुक्यातलं गंजाड. छायाचित्रकार गौरी गिल यांनी २०१३ पासून इथल्या शिवाराची कृष्णधवल छायाचित्रं काढली. वाट दाखवायला वारली चित्रकार राजेश वांगड सोबत होते. प्रत्येक टेकडीशी, प्रत्येक झाडाशी त्यांच्याकडे एक गोष्ट होती. छायाचित्रात टेकडी आली, झाड आलं. गोष्ट आली नाही. गिल यांनी ती छायाचित्रं वांगडांच्या हाती दिली. वांगडांनी त्यांवर वारली रेषेत देव काढले, पूर्वज काढले, दुष्काळ काढला. काम दोघांच्या नावानं जगापुढे आलं.

आपल्या चित्रात काय आलेलं नाही, हे ओळखायला नजर लागते. ते भरायला दुसऱ्याला बोलवायला मन लागतं. नव्या कामाला दोन्ही लागतात.

✻

जव्हारकडे बोहाडा या सोंगांच्या उत्सवासाठी मुखवटे घडवणारे सुभाष आणि भगवान कडू हे दोघे भाऊ आहेत. २०१५ पासून गिल यांच्यासाठी त्यांनी वेगळे मुखवटे केले: देव-दानव बाजूला ठेवून आजच्या जगण्याचे. गावकऱ्यांनी ते चढवले आणि आपलंच रोजचं आयुष्य कॅमेऱ्यापुढे उभं केलं.

चेहरा दिसला म्हणजे माणूस दिसला, असं आपण धरून चालतो. इथे चेहरे झाकलेले आहेत आणि माणसं पूर्ण दिसतात. काय दाखवायचं, हे त्यांनी ठरवलं आहे.

✻

जवळ राहणं हेही एक तंत्र आहे.

कणकवलीचे इंद्रजित खांबे आपल्याच सिंधुदुर्गात दशावताराची छायाचित्रं काढतात. सुधारक ओलवे मुंबईच्या सफाई कामगारांकडे वर्षानुवर्षं जात राहिले. ज्याला उद्या पुन्हा भेटायचं आहे, त्याचं चित्र माणूस जपून काढतो.

मावळात इरलं पांघरून आवणी करणाऱ्या बाईचं छायाचित्र रस्त्याकडेला गाडी थांबवूनही काढता येतं. त्याच खाचराशी पेरणीपासून झोडणीपर्यंत येत राहिलेला माणूसही ते काढेल. पहिल्यात हिरवा रंग सुंदर उतरेल. दुसऱ्यात, कॅमेऱ्याकडे पाहायचं की पाठ फिरवायची, हे त्या बाईनं ठरवलेलं असेल. प्रदर्शनात दोन्ही शेजारी लावली, तर फरक सांगावा लागणार नाही.

✻

पाहणाऱ्यालाही काम असतं.

भाज्याच्या लेण्यातल्या विहारात एकीकडे रथ आहे, दुसरीकडे हत्तीवर स्वार झालेला पुरुष. सूर्य आणि इंद्र, असं बरेचजण सांगतात आणि लोक पुढे सरकतात. अभ्यासकांचं मात्र या ओळखीवर एकमत नाही. अर्थ आधी हाती आला की डोळे थांबतात. दालनातही असंच होतं. भिंतीवरचा मजकूर वाचून आपण चित्र पाहिल्याचं समाधान मानतो.

समोर कोण आहे, हे लगेच विचारावं. त्याचा अर्थ काय, हे उशिरा विचारावं. ओळखीची चौकट मोडू लागते, तेव्हा नवं काम दिसू लागतं, आणि त्याला वेळ द्यावा लागतो.

✻

भाज्याला जायचं तर मळवली स्टेशनवर उतरतात. याच मळवलीत राजा रवि वर्मा यांचा शिळाछापखाना होता. १८९४ मध्ये तो मुंबईत सुरू झाला, पुढे इथे आला आणि नंतर जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायखर यांच्या हाती गेला. १९७२ मध्ये तो आगीत गेला. तोवर इथल्या लक्ष्मी आणि सरस्वती असंख्य घरांच्या भिंतींवर पोचल्या होत्या. चांगलं चित्र पाहायला मोठ्या घरचं आमंत्रण लागतं, ही अट या छापखान्यानं मोडली.

चित्र घरोघरी पोचवण्याची ही ओढ आजच्या छायाचित्रकारांतही आहे. दयानिता सिंह यांचं २०१७ मधलं ‘म्युझियम भवन’ म्हणजे एका पेटीतल्या घडीच्या छोट्या पुस्तिका. उलगडून उभ्या केल्या की टेबलावर प्रदर्शन तयार.

✻

जव्हारची ती मुखवट्यांची छायाचित्रं २०१८ साली न्यूयॉर्कच्या मोमा पीएस वन या कलासंस्थेत लागली. लागायलाच हवी होती. पण ज्याच्या अंगणात छायाचित्र काढलं, त्याला ते सगळ्यांत शेवटी दिसावं किंवा दिसूच नये, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. ती बदलावी.

ज्या गावाचं चित्र, त्या गावात पहिलं प्रदर्शन. कामशेतच्या शाळेची भिंत चालेल, पवना खोऱ्यातल्या एखाद्या देवळाचा सभामंडप चालेल. चित्राखाली छायाचित्रकाराचं नाव असावं आणि त्याच आकाराच्या अक्षरांत चित्रातल्या माणसाचं, त्याला हवं असेल तर. ती माणसं समोर उभी राहतील, निरखून पाहतील आणि ‘हे असं नाही’ असं तोंडावर सांगू शकतील. परदेशातल्या कुठल्याही समीक्षकापेक्षा ही परीक्षा कठीण आहे, कारण त्या चित्राबद्दल सगळ्यांत जास्त त्यांना माहीत आहे.

या परीक्षेला जे छायाचित्र उतरेल, ते कुठल्याही सालातलं असो, मी त्याला नवं म्हणेन.