उदासी

‘उदासी’ म्हणजे खिन्नता, असा अर्थ आज आपण सहज घेतो. परंतु गुरू नानकांच्या दीर्घ यात्रांना शीख परंपरा ‘उदासी’ म्हणते, तेव्हा तिला अभिप्रेत असते ती अनासक्ती. आपल्याकडील संतांनाही हा अर्थ परका नव्हता.

सुलतानपूर लोधी येथे दौलतखानाच्या कोठारावर नानकांना नोकरी होती. पत्नी सुलखनी आणि श्रीचंद व लखमीदास हे दोन पुत्र होते. इ. स. १५०० च्या सुमारास ते बाहेर पडले. सोबतीला होता रबाब वाजवणारा मर्दाना, जन्माने मुसलमान. पुढे सुमारे वीस वर्षे हे दोघे फिरत राहिले. पूर्वेस आसाम, दक्षिणेस श्रीलंका, उत्तरेस हिमालय, पश्चिमेस मक्का व बगदाद, अशा चार यात्रा परंपरा मानते. जनमसाख्यांतील सर्वच तपशील इतिहासकार स्वीकारीत नाहीत. तो वाद येथे नको.

मला छळतो तो प्रश्न निराळा आहे. आमच्या धर्मग्रामातील एक भगिनी एकदा म्हणाली, “फादर, माझे पती रोज संध्याकाळी प्रार्थनासभेला जातात. देवाने त्यांना बोलावले असेल, पण मुलांचा अभ्यास मीच घेते.” पाचारण एकाला होते आणि किंमत दोघांनी मोजायची, हे न्याय्य आहे काय? आम्हा धर्मगुरूंना उत्तर सोपे वाटते, कारण आमच्यामागे घरी कोणी वाट पाहत नसते.

पेत्रही विवाहित होता. त्याच्या सासूला येशूने बरे केले, हे शुभवर्तमानात आहे. पत्नीविषयी तेथे अक्षर नाही. मात्र पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रावरून दिसते, की पुढे प्रेषितकार्यात ती त्याच्याबरोबर प्रवास करीत असे.

सुलखनी गेली नाही. ज्यांनी स्वतः घर मागे ठेवले, त्याच नानकांनी जगाला पाठ फिरवून पर्वतावर बसलेल्या सिद्धांना दोष दिला, असे भाई गुरदास सांगतात. ही विसंगती म्हणावी काय? मला तसे वाटत नाही. सिद्ध परतले नाहीत, नानक परतले. रावीकाठी करतारपूर वसवून, प्रवासी वेश उतरवून १५३९ पर्यंत त्यांनी शेती केली, कुटुंबात राहिले आणि येईल त्याला पंगतीत बसवले. तरीही सुलखनीची ती वीस वर्षे कोणत्या हिशेबात धरायची, हे मला उलगडलेले नाही.

गुरुपद त्यांनी पुत्रांना न देता लहिणा या शिष्याला दिले. थोरला श्रीचंद संन्यासी झाला, त्याने लग्न केले नाही, आणि त्याच्या पंथाचे नाव पडले ‘उदासी’.

त्या भगिनीच्या पतीला मी आठवड्यातील तीन संध्याकाळी घरी राहण्यास सांगितले. तो माझ्यावर अजून थोडा नाराज आहे.