कोरड्या काचेवरचा पाऊस

काच कोरडी ठणठणीत असताना वायपर फिरू लागतो, तेव्हा चुकते कोण? आरशामागचा रेन सेन्सर पाऊस पाहत नसतो. तो काचेत तिरका इन्फ्रारेड प्रकाश सोडतो. काच कोरडी असली की प्रकाश आतल्या आत परावर्तित होऊन परततो. जिथे थेंब असेल तिथून काही बाहेर निसटतो. परतीचा प्रकाश घटला, म्हणजे पाऊस आहे, हे त्याचे अनुमान. पण नवी काच बसवताना सेन्सर आणि काच यांमधल्या जेलच्या थरात हवेचा बुडबुडा राहिला, तरीही प्रकाश घटतो. न्यायदर्शनाचे अनुयायी, म्हणजे नैयायिक, याला सव्यभिचार हेतू म्हणतील: खूण खरी, पण ती पावसाशिवायही आढळते.

ज्ञानाचे प्रामाण्य स्वतःसिद्ध की बाहेरून ठरणारे, हा मीमांसक आणि नैयायिकांचा जुना वाद. मला इथे ते बाहेरून ठरते हे नैयायिकांचेच मत पटते, कारण थेंब आणि बुडबुडा यांतला फरक सेन्सरला आतून कळणेच शक्य नाही. मीमांसक विचारतील, सेन्सरला बाहेरून तपासायला स्कॅनर लावला, तर दोष शोधणाऱ्या त्या स्कॅनरला कोण तपासणार? आक्षेप वजनदार आहे, आणि व्यवहाराची सुरुवात विश्वासानेच होते हेही मान्य करायला हवे. मात्र वात्स्यायनांनी न्यायभाष्याच्या आरंभीच कसोटी दिली आहे, ती सफल प्रवृत्तीची. जेलपॅड बदलावा, काचेवर पाणी शिंपडावे, मग पुसावे. वायपर पाण्याला चालला आणि कोरड्याला थांबला, की शंकांची साखळी तिथेच तुटते. त्याच डबीतला प्रकाश-सेन्सर भर दुपारी दिवे लावत असेल, तर संशय आधी काचेवरच्या गडद फिल्मवर घ्यावा.