डायल न लावता इंजिन बांधलंस?

खाली बस, आणि हातातला पाना आधी बाजूला ठेव. आज हात चालवायचे नाहीत, कान उघडे ठेवायचे.

ही समोरची आरएक्स हंड्रेड एका महिन्यात तिसऱ्यांदा आपल्या शिरड शहापूरच्या वर्कशॉपमध्ये आली. पहिल्यांदा तू रॉड किट टाकलंस. मग मॅग्नेटकडचं ऑईल सील गेलं, तू नवं बसवलंस. तेही गेलं, तू आणखी एक बसवलंस. गाडी उभ्या उभ्या आपोआप रेस व्हायची, प्लग पांढराफटक पडायचा, तरी तू कार्बोरेटरचे स्क्रू पिळत राहिलास. शेवटी काल मी इंजिन फोडलं, क्रँक व्ही-ब्लॉकवर ठेवला आणि डायल लावला. काटा 0.14 मिलिमीटर हलला. या जातीच्या यामाहा टू-स्ट्रोकला मर्यादा आहे 0.03. जवळजवळ पाचपट! आणि विचारलं तर म्हणतोस, "सर, हातानं फिरवून बघितला होता, सरळ फिरत होता."

हातानं? माणसाच्या डोक्यावरचा केस साधारण 0.07 मिलिमीटर जाड असतो. 0.03 म्हणजे त्याच्या निम्म्याहूनही कमी. एवढा वाक डोळ्याला दिसला असता तर डायल गेज कुणी कशाला बनवलं असतं? त्याची एक रेघ म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. ते गेज कपाटात, डबीत, तुझ्या हातापासून चार पावलांवर होतं. पाच मिनिटांचं काम होतं. ते तू केलं नाहीस, याचा मला राग आहे.

क्रँक कसा बनतो हे मी तुला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. ट्रकचा क्रँक अखंड असतो. पुण्याच्या मुंढव्यात भारत फोर्जमध्ये पोलाद तापवून, दाबून तसले क्रँक घडवतात. आपल्या शंभर सीसी मोटारसायकलचा तसा नसतो. दोन बाजूंना दोन वेब, मध्ये क्रँक-पिन, पिनवर नीडल बेअरिंग आणि रॉड, आणि हे सगळं प्रेसमध्ये दाबून एकत्र केलेलं. तिथं नट नाही, बोल्ट नाही. नुसत्या आवळपणावर ते टिकतं. म्हणजे तू पिन काढून नवी दाबलीस, त्याच क्षणी कारखान्यानं जुळवलेली रेषा तू मोडलीस. ती परत जुळवणं हेच खरं काम. प्रेसमधून निघालेला क्रँक सरळ असतो असं धरून चालायचं नसतं, तो सरळ करावा लागतो.

आता वाकडा राहिला तर काय होतं ते ऐक. ही गाडी पूर्ण ताकद देते 7500 फेऱ्यांवर. म्हणजे सेकंदाला 125 फेऱ्या. तू ठेवलेला वाक प्रत्येक फेरीत सीलचा ओठ ढकलतो आणि बेअरिंगला हादरा देतो. ओठ झिजला की तिथून कोरडी हवा क्रँककेसमध्ये ओढली जाते. पेट्रोल कमी आणि हवा जास्त झाली की पिस्टन तापतो, फुगतो आणि सिलिंडरमध्ये अडकतो. धावत्या गाडीचं मागचं चाक तिथल्या तिथं जाम होतं. गाडीवर कोण असतं? पुढं टाकीवर पोरगं, मागं घरची बाई, औंढ्याचा रस्ता आणि समोरून ट्रक. तू सील बदलायलास, पण सील खाणारा क्रँक आतच ठेवायलास.

आकडा दाखवल्यावर तू वर तोंड करून म्हणालास की खरा वाक निम्माच, 0.07. तुझं गणित बरोबर आहे, मधला बिंदू निम्माच सरकलेला असतो. पण मॅन्युअलमधली मर्यादा काट्याच्या पूर्ण हालचालीची आहे. मर्यादा पूर्ण मापाची आणि आपला क्रँक निम्म्या मापाचा, अशी सोयीची तुलना करायची नाही. आणि लेकरा, निम्मं करूनही तू मर्यादेच्या दुपटीपुढंच आहेस.

वेबवर लोखंडी हातोड्याचे घाव आहेत, तेही मी बघितले. डायल न बघता मारलेला घाव म्हणजे अंधारात फेकलेला दगड. काटा पिनच्या रेषेत चढत असेल तर वेब फाकलेत किंवा दबलेत. तिथं पाचर किंवा व्हाइस लागते. पिनच्या आडव्या बाजूला चढत असेल तर एक वेब दुसऱ्यावर फिरलाय. तिथं तांब्या-पितळेचा हातोडा लागतो. खूण करायची, एक घाव घालायचा, परत मापायचं. आणि मापण्याआधी शाफ्टवरचा गंज, बर साफ करायचा. ढिल्या बेअरिंगवर ठेवून घेतलेलं माप खोटं असतं.

आजचा 0.03 पाठ करून उद्या तोच आकडा स्प्लेंडरला लावू नकोस. लहान फोर-स्ट्रोकमध्ये कुठं 0.05, कुठं 0.10 अशी मर्यादा दिलेली असते. त्या त्या गाडीचं मॅन्युअल उघडायचं, आणि डायल शाफ्टवर नेमका कुठं टेकवायचा तेही त्यातच वाचायचं.

आरएक्स हंड्रेड बनायची 1996 साली बंद झाली. तरी मालकानं ती जपली, हळदीच्या पैशातून तीनदा आपलं बिल भरलं आणि एकदाही आवाज चढवला नाही. त्याला इंजिनातलं कळत नाही, म्हणून त्यानं तुझ्यावर भरवसा टाकला. "चालतंय" म्हणून तू जे सोडून दिलंस, त्याची किंमत त्यानं मोजली.

दोन सीलांचे आणि मजुरीचे पैसे त्याला आज संध्याकाळी परत जातील, आणि ते तू स्वतः नेऊन द्यायचेस. उद्या सकाळी क्रँक सरळ करायला बसायचं. डाव्या टोकाचं माप, उजव्या टोकाचं माप आणि मॅन्युअलची मर्यादा, हे तीन आकडे वहीत लिहून मला दाखवल्याशिवाय क्रँककेस बंद करायची नाही. उद्याही नाही, आणि मी इथं नसेन तेव्हाही नाही.