मुख्याध्यापक वर्गात कधी जातात?

आषाढवारीत माउलींची पालखी फलटण, बरड मागे टाकून नातेपुत्याच्या मुक्कामाला येते, तेव्हा शाळा सुरू होऊन फार दिवस झालेले नसतात. वाटेवरच्या गावांत वर्गखोल्या दिंड्यांना दिल्या जातात. पाणी, सफाई, खोल्यांच्या किल्ल्या, सगळे मुख्याध्यापकांकडे येते. पुढे उसाचा हंगाम लागला की माळशिरस तालुक्यात तोडणीच्या टोळ्या उतरतात. फडावरचे पोर दाखला न घेता शाळेच्या दाराशी आले, तर त्याला वर्गात बसवायचे की माघारी धाडायचे? दाखल्याअभावी प्रवेश नाकारू नये, असे शिक्षण हक्क कायदा सांगतो. पण त्या पोराचे वर्ष वाचते की बुडते, हे बहुतेकदा मुख्याध्यापकांच्या एका शब्दावर ठरते.

मुलांचे गुण कमी पडले की आपण शिक्षकांना, घरच्या परिस्थितीला, मोबाइलला बोल लावतो. मुख्याध्यापकांच्या कामाचा आणि निकालाचा संबंध आपल्या बोलण्यात क्वचितच येतो. तो आहे, आणि मोठा आहे. अमेरिकेतल्या वॉलेस फाउंडेशनने 2021मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, सरासरीहून कमी कुवतीच्या मुख्याध्यापकाच्या जागी सरासरीहून चांगला आला, तर मुलांच्या वर्षभराच्या गणितात सुमारे तीन महिन्यांच्या शिकण्याइतकी भर पडते. एक चांगला शिक्षक आपला वर्ग सुधारतो. चांगल्या मुख्याध्यापकाचा परिणाम अख्ख्या शाळेवर होतो.

चांगले व्यवस्थापन म्हणजे नेमके काय, यावर मात्र आपली गफलत होते. मध्य प्रदेशात ‘शाला सिद्धी’ कार्यक्रमात शाळांची तपासणी झाली, प्रत्येक शाळेचा सुधारणा आराखडा तयार झाला. कार्तिक मुरलीधरन आणि अभिजित सिंग या अर्थतज्ज्ञांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा आराखडे झालेले दिसले, पण मुलांच्या शिकण्यात फरक आढळला नाही. उलट न्यूझीलंडच्या विव्हियन रॉबिन्सन यांनी 2008मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासून दाखवले, की मुख्याध्यापक शिक्षकांच्या शिकण्यात स्वतः सहभागी होतात तिथे परिणाम सर्वांत मोठा असतो. शेजारी बसून पाठ पाहणे, त्यावर बोलणे, अडलेल्या मुलाची वही उघडणे, हेच ते काम.

आणि नेमके हेच काम करायला आपण त्यांना मोकळे ठेवत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषांत पहिली ते पाचवीच्या शाळेला स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो तो पट दीडशेच्या वर गेला तर. वाडी-वस्तीवरच्या दोनशिक्षकी शाळेत त्यामुळे दोघांपैकी एकाकडे प्रभार असतो. पोषण आहाराच्या नोंदी, यू-डायसची माहिती, शालार्थची बिले, केंद्रावरची बैठक, आणि ग्रुपवर ‘आजच पाठवा’ म्हणून आलेला तक्ता. त्या वेळात दोन इयत्तांची मुले फळ्यावरचे उतरून घेत बसतात. अशा शिक्षकाला नेतृत्वाचे प्रशिक्षण देणे मला अन्यायाचे वाटते. आधी चार-पाच शाळांमागे एक लिपिक द्या.

तरीही काही माणसे वाट काढतात. खेड तालुक्यातील जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेचा पट अगदी तीनवर आला होता. दत्तात्रय वारे गुरुजी तिथे आले, गावाला सोबत घेतले, मोठ्या मुलांनी लहानांना शिकवावे अशी ‘विषयमित्र’ पद्धत रुजवली. पट शंभरावर गेला, आणि 2025मध्ये ‘जगातील सर्वोत्तम शाळा’ स्पर्धेत लोकपसंतीचा पुरस्कार या शाळेला मिळाला. पण प्रत्येक शाळेने असा माणूस लाभण्याची वाट पाहावी, ही व्यवस्था म्हणता येणार नाही.

शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. नातेपुत्यातल्या आणि आसपासच्या वस्त्यांवरच्या पालकांना माझी विनंती आहे: पुढच्या बैठकीत रंगरंगोटी आणि पत्र्यांचा विषय झाला की गुरुजींना, बाईंना विचारा, या महिन्यात तुम्ही किती पाठ पाहिलेत? उत्तर ‘वेळच मिळाला नाही’ असे आले, तर त्यांच्यावर रागावू नका. तो वेळ कोणत्या कागदांनी खाल्ला याची यादी करा, आणि समितीच्या ठरावानिशी ती गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या टेबलावर नेऊन ठेवा.